‘च’ आला की ‘ओन्ली’ लावायचा, हे दर वेळी चालतं का? आणि वाक्यात त्याची जागा नेमकी कोणती?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी बोलायच्या इंग्रजीचे पाठ तयार करतेय. त्यात एक अख्खा पाठ ‘ओन्ली’वर ठेवायचा आहे, कारण आपल्याकडची लेकरं इंग्रजी बोलायला लागली की हा शब्द दर दोन वाक्यांमागं येतोच. सर्रास ऐकू येणारी वाक्यं अशी:

‘आय ॲम फ्रॉम परभणी ओन्ली.’ म्हणजे मी परभणीचाच.
‘ही केम यस्टरडे ओन्ली.’ म्हणजे तो कालच आला.
‘आय ओन्ली टोल्ड हिम.’ म्हणजे मीच त्याला सांगितलं.
‘ही डिड नॉट कम ओन्ली.’ म्हणजे तो आलाच नाही.

चारही ठिकाणी मुलांच्या मनात ‘च’ आहे आणि त्यांनी सरळ त्याचा ‘ओन्ली’ केला. माझे प्रश्न असे. एक, ‘च’चा ‘ओन्ली’ कुठं होतो आणि कुठं होत नाही, हे मुलांना तिथल्या तिथं करून बघता येईल अशी काही खूण आहे का? दोन, काही पुस्तकं म्हणतात तो क्रियापदाच्या आधी ठेवा, काही म्हणतात ज्या शब्दावर जोर त्याला चिकटून ठेवा. यातलं पाळायचं कोणतं? तीन, ‘वन्ली’ हा उच्चार कसा सुधारायचा? आणि चार, याला चूक म्हणून लाल शाई मारायची की आपल्या बोलण्याची ढब म्हणून सोडून द्यायचं?

---

व्याकरणाची_वही

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

‘ओन्ली’ हा एककामी शब्द आहे. ज्याच्यापुढं उभा राहील तेवढं आत घेतो आणि बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतो. आपला ‘च’ हे काम करतोच, पण त्याशिवाय आणखी पाच-सहा कामं करतो. त्यामुळं ‘च’ दिसला की विचारायचं, इथं तो बाकीच्यांना वगळतोय का? मुलांसाठी खूण सोपी आहे: ‘च’ काढा, त्या शब्दाच्या आधी ‘फक्त’ लावा आणि वाक्य मोठ्यानं म्हणा. अर्थ तोच राहिला तर ‘ओन्ली’ चालेल. वाक्य अडखळलं किंवा अर्थ फिरला तर चालणार नाही.

‘मला दोनच भाकरी वाढ.’ फक्त दोन भाकरी वाढ. अर्थ तोच. ‘ओन्ली टू’ बरोबर.

‘तो आलाच नाही.’ फक्त आला नाही? जमत नाही. इथला ‘च’ नकाराला वजन देतोय. त्याला इंग्रजीत ‘ॲट ऑल’ आहे: ‘ही डिडन्ट कम ॲट ऑल.’ ‘मला माहीतच नव्हतं’ याला ‘आय हॅड नो आयडिया.’

‘हाच तो पोरगा.’ फक्त हा तो पोरगा? नाही. हा ओळख पटवणारा ‘च’. ‘दॅट्स द बॉय’ म्हणायचं आणि ‘दॅट्स’वर जोर द्यायचा. लेखी असेल तर ‘द व्हेरी बॉय’. ‘तेच पुस्तक’ याला ‘द सेम बुक’.

‘इथंच थांब.’ याला ‘राइट हिअर’. ‘आत्ताच गेला’ याला ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’.

‘मी येणारच.’ हा हट्टाचा, खात्रीचा ‘च’. बोलताना ‘आय विल कम’ यातला ‘विल’ ठासून म्हणायचा, लिहिताना ‘डेफिनेटली’ घालायचा. ‘केलंच पाहिजे’ याला ‘मस्ट’ पुरेसा आहे.

‘लईच महाग’ याला ‘रिअली’ किंवा ‘फार टू’. ‘आधीच उशीर झालाय’ याला ‘ऑलरेडी’. यातला ‘च’ वेगळा भाषांतर करायचाच नाही, तो ‘ऑलरेडी’त मुरलेला आहे. ‘पाऊस थांबताच’ याला ‘ॲज सून ॲज’.

आता तुमचं तिसरं वाक्य. माझ्या मते चारांमध्ये सगळ्यात घातक तेच आहे, कारण बाकीची ऐकणाऱ्याला विचित्र वाटतील, पण हे त्याला बरोबर वाटेल आणि अर्थ मात्र उलटा पोचेल. ‘मीच त्याला सांगितलं’ म्हणजे जबाबदारी माझी, सांगणारा मी. ‘आय ओन्ली टोल्ड हिम’ म्हणजे मी त्याला नुसतं सांगितलं, बाकी काही केलं नाही. म्हणजे पोरगं कबुली देतंय आणि समोरच्याच्या कानावर सबब पडतेय. मुलाखतीत ‘हा प्रकल्प मीच केला’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘आय ओन्ली डिड द प्रोजेक्ट’ निघतं. त्याचा अर्थ होतो, मी तेवढा प्रकल्पच केला, दुसरं काही नाही. याला ‘आय डिड इट मायसेल्फ’ म्हणा. अनेकांमधून ‘तो मीच’ असं सांगायचं असेल तर ‘आय वॉज द वन हू टोल्ड हिम.’

पहिल्या वाक्यात ‘ओन्ली’ची गरजच नाही. ‘आय ॲम फ्रॉम परभणी’ म्हणून थांबायचं. समोरचा म्हणाला ‘तुम्ही नांदेडचे ना?’ तर ‘नो, आय ॲम फ्रॉम परभणी’ यात गावाच्या नावावर आवाज चढवला की आपला ‘च’ आला. इंग्रजीत ‘च’चं निम्मं काम आवाजाची चढउतार करते, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगा. आपण शब्दाला अक्षर जोडतो, ते शब्दावर जोर देतात.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

उच्चारापुरतं लिहितो.

‘वन्ली’ होण्याचं कारण आपल्या बोलीतच आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ओ’ आपल्याकडं ‘व’ होतो: ओळख–वळख, ओठ–वठ, ओली–वली. तीच सवय इंग्रजी शब्दाला लागते. मुलांना आरशासमोर उभं करा. ‘वळख’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडं जातो किंवा दोन्ही ओठ जवळ येतात. ‘ओन्ली’ म्हणताना आधी तोंड उघडं हवं, ओठ गोल होतात ते नंतर. ‘ओ’ लांबवा, शेवटी किंचित ‘उ’कडं न्या, मग ‘न्ली’ एका झटक्यात. शब्दाचे तुकडे दोनच: ओउन्-ली. ‘ओ-न-ली’ असे तीन केले की चुकलं. ‘न’ला जीभ जिथं टेकते तिथंच ‘ल’ला ठेवायची, मधे उचलायची नाही.

मुलांना रस वाटेल अशी एक गोष्ट. हा शब्द मुळात ‘वन’ म्हणजे एक, त्याचाच. जुन्या इंग्रजीत ‘एकासारखा, एकटा’ अशा अर्थाचा होता. पुढं सुट्या ‘वन’च्या उच्चाराला ‘व’ चिकटला, पण ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ यांत जुनाच ‘ओ’ टिकला. म्हणून शब्द ‘वन’वरून आला असला तरी म्हणताना ‘व’ नाही.

---

मांजरा_तीर (लातूर)

वहीवाल्या सरांची ‘फक्त’ची खूण चांगली आहे, पण वेळेच्या शब्दांपाशी ती दगा देते. ताई, पाठात हे वेगळं घ्या.

‘कालच आला’ याला ‘फक्त काल आला’ म्हटलं तर वाक्य मोडत नाही, पण अर्थ ‘बाकी दिवशी आला नाही’ असा होतो. आपल्याला म्हणायचं असतं की येऊन फार वेळ झाला नाही. इंग्रजीत मात्र या अर्थाला ‘ओन्ली’ चालतो, फक्त तो वेळेच्या आधी यायला हवा: ‘ही केम ओन्ली यस्टरडे’ किंवा ‘ही ओन्ली केम यस्टरडे’. म्हणजे मुलांच्या ‘यस्टरडे ओन्ली’त शब्द बरोबर आहे, जागा चुकलीय. खुणेनं नापास होणारं वाक्य प्रत्यक्षात थोडक्यात पास होतं.

याच्या उलट घड्याळाचं. इथं अर्थ साफ फिरतो.

‘तो सकाळी सहालाच आला.’ आपल्या मनात काय असतं? लवकर आला, इतक्या सकाळी आला.
‘ही केम ओन्ली ॲट सिक्स.’ ऐकणाऱ्याला काय कळतं? सहा वाजेपर्यंत आला नव्हता, सहाला कुठं उगवला.

एक लवकर सांगतंय, दुसरं उशीर. पाहुण्याचं कौतुक करायला जावं आणि त्याला बोल लावल्यासारखं व्हावं असा प्रकार. लवकर म्हणायचं असेल तर ‘ॲज अर्ली ॲज सिक्स’. बरोबर सहालाच, मागंपुढं नाही, असं म्हणायचं असेल तर ‘ॲट सिक्स शार्प’ किंवा ‘एक्झॅक्टली ॲट सिक्स’. आणि ‘आत्ताशी सहाच वाजलेत’ याला ‘इट्स ओन्ली सिक्स’. या शेवटच्यात ‘ओन्ली’ एकदम चपखल आहे, कारण इथं आपण आकडा लहान दाखवतोय.

फळ्यावर ‘सहाच वाजले’ आणि ‘सहालाच आला’ ही दोन वाक्यं शेजारी लिहा आणि मुलांना विचारा, कोणत्या ‘च’नं आकडा लहान झाला. ‘सहाच’ला आकडा लहान झाला, ‘सहालाच’ला आकडा तेवढाच राहिला, फक्त आपल्याला त्याचं नवल वाटलं. नवलाच्या ‘च’ला ‘ओन्ली’ लावायचा नाही.

‘आजच पाठवतो’ याला आपल्याकडं ‘टुडे ओन्ली’ किंवा ‘टुडे इटसेल्फ’ म्हणतात. ‘टुडे इटसेल्फ’ भारतात सगळ्यांना कळतं, बाहेरच्याला खटकतं. ‘आय विल सेंड इट टुडे’ एवढं बास होतं.

---

गोदाकाठ

‘सहालाच’चा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता, फार मोलाचा आहे. आता जागेचं सांगा ना कुणीतरी. मुलं विचारतात, ‘आय ओन्ली एट टू रोटीज’ बरोबर की ‘आय एट ओन्ली टू रोटीज’?

---

मोंढा_रोड (जालना)

दोन्ही बरोबर. पहिलं तोंडी, दुसरं लेखी.

हा वाद आपला नाही, इंग्रजी बोलणाऱ्यांचाच जुना आहे. 18व्या शतकात रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या व्याकरणकारांनी सांगितलं की ‘ओन्ली’ ज्याच्याबद्दल आहे त्याच्या शेजारीच हवा. 1926 मध्ये इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी त्याला उत्तर दिलं: अर्थाचा घोळ होत नसेल तर क्रियापदाच्या आधी येणं ही त्याची नैसर्गिक जागा आहे, उगाच ओढून ताणून हलवू नका. म्हणून एक पुस्तक असं म्हणतं आणि दुसरं तसं. माझं मत फाउलरच्या बाजूचं आहे, पण बोलण्यापुरतंच. अर्ज, नोटीस, करारनामा यांत लाउथचं ऐका, कारण कागदाला आवाज नसतो.

मुलांना दाखवायला मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, एक वाक्य घ्या: आडत्यानं सोमवारी शेतकऱ्याला उचल दिली. इंग्रजीत: ‘द एजंट गेव्ह द फार्मर ॲन ॲडव्हान्स ऑन मंडे.’ आता ‘ओन्ली’ एकेक घर सरकवा.

‘ओन्ली द एजंट गेव्ह…’ आडत्यानंच दिली. बँकेनं, सोसायटीनं नाही.
‘द एजंट गेव्ह ओन्ली द फार्मर…’ शेतकऱ्यालाच दिली. हमालाला, गाडीवाल्याला नाही.
‘…गेव्ह द फार्मर ओन्ली ॲन ॲडव्हान्स…’ उचलच दिली. पुरी पट्टी, म्हणजे मालाचे सगळे पैसे, नाही.
‘…ॲन ॲडव्हान्स ओन्ली ऑन मंडे.’ सोमवारीच दिली. वर मांजरा_तीर यांनी सांगितलेला उशिराचा अर्थही इथं बसतो: सोमवारपर्यंत हातात काही नव्हतं.

आणि ‘द एजंट ओन्ली गेव्ह द फार्मर ॲन ॲडव्हान्स ऑन मंडे’? कागदावर हे वाक्य कुठल्याही बाजूला झुकेल. बोलताना ‘ॲडव्हान्स’ ठासला तर उचलच, ‘मंडे’ ठासला तर सोमवारीच. त्यामुळं मुलांनी बोलताना ‘ओन्ली’ क्रियापदाआधी ठेवला तर हरकत नाही, पण ज्यावर भर आहे तो शब्द आवाजानं उचललाच पाहिजे. सपाट आवाजात म्हटलं की ऐकणारा अंदाज बांधतो.

क्रियापदाआधी म्हणजे नेमकं कुठं, हेही सांगा. ‘इज, आर, वॉज’ असेल तर त्यांच्या नंतर: ‘शी इज ओन्ली टेन.’ ‘कॅन, विल, हॅव’ सोबत असेल तर त्यांच्या नंतर, मुख्य क्रियापदाच्या आधी: ‘आय कॅन ओन्ली पे हाफ.’ ‘आय ओन्ली कॅन पे’ ही चूक आपल्याकडं फार होते.

आणखी तीन खाचा.

वाक्याची सुरुवात ‘ओन्ली’ आणि वेळ किंवा अट यांनी झाली की पुढं प्रश्नार्थकासारखी उलटापालट होते. ‘75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करा’ हा सल्ला दर जूनमध्ये ऐकतो, त्याचं इंग्रजी करून बघा: ‘ओन्ली आफ्टर 75 टू 100 मिलिमीटर्स ऑफ रेन शुड यू स्टार्ट सोइंग.’ ‘यू शुड’ नाही, ‘शुड यू’. पण ‘ओन्ली’नंतर कर्ता आला तर उलटापालट नाही: ‘ओन्ली फार्मर्स कॅन अप्लाय.’ बोलताना ही कसरत नको असेल तर ‘ओन्ली’ मधे न्या: ‘स्टार्ट सोइंग ओन्ली आफ्टर…’ काम झालं.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘पाऊस झाला तरच पेरू’ यातला ‘तरच’ म्हणजे ‘ओन्ली इफ’. ‘तर’ आणि ‘च’ दोन्ही जसेच्या तसे दिसतात, म्हणून मुलांना पटकन कळतं. ‘इफ ओन्ली’ म्हणजे हळहळ: ‘इफ ओन्ली इट हॅड रेन्ड इन जून’, जूनमध्ये पाऊस झाला असता तर!

‘ओन्ली टू फाइंड’ याला ‘शोधायलाच’ समजू नका. ‘ही वेन्ट ऑल द वे टू द ऑफिस, ओन्ली टू फाइंड इट क्लोज्ड’ म्हणजे एवढा लांब गेला, तर ऑफिस बंद.

---

अक्षरी_रुपये

शेवटी येणारा ‘ओन्ली’ सरसकट चूक आहे असं मुलांच्या मनात बसवू नका. पाटीवर आणि चेकवर तो शेवटीच येतो. ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, औषधाच्या ट्यूबवर ‘फॉर एक्सटर्नल यूज ओन्ली’. हे पूर्ण वाक्य नसतं, नुसता शब्दसमूह असतो, आणि तिथं नामामागून ‘ओन्ली’ शुद्ध इंग्रजी आहे.

चेकवरचा तर अर्थापेक्षा राखणदार म्हणूनच असतो. ‘रुपीज फिफ्टी’ लिहून पुढं जागा सोडली तर कुणी ‘थाउजंड’ जोडेल आणि आकड्यात 50 पुढं तीन शून्यं. ‘फिफ्टी ओन्ली’ लिहिलं की उजवी बाजू बंद झाली. मराठीत चेक लिहिताना तिथंच ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात: अक्षरी रुपये पाच हजार फक्त. यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवा. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू करा, कारण ‘ओन्ली’ डावी बाजू राखत नाही. ‘फाइव्ह थाउजंड’च्या डावीकडं जागा असेल तर ‘ट्वेंटी’ घुसतं. ‘ओन्ली’ सगळ्यात शेवटी, पैसे असतील तर पैशांच्याही नंतर. उरलेल्या जागेत आडवी रेघ. आणि आकड्यांनंतर ‘/-’.

अक्षरांना एवढं जपायचं कारण 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 18 मध्ये आहे. आकडा आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर कायद्यानं अक्षरी धरतात. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुतेक वेळा परतच करते.

---

देगलूर_नाका (नांदेड)

चौथ्या प्रश्नावर बोलतो, चूक की ढब.

‘यस्टरडे ओन्ली’ हे एकट्या मराठी माणसाचं नाही. जोराचं अक्षर शब्दाच्या मागं लावायची सवय आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना आहे. हिंदीत ‘मैं ही’. तेलुगूत मी म्हणजे ‘नेनु’, मीच म्हणजे ‘नेने’. इथंच म्हणजे ‘इक्कडे’. कन्नडमध्ये मीच म्हणजे ‘नाने’, इथंच म्हणजे ‘इल्ले’. देगलूर, बिलोलीकडच्या माणसाला तेलुगूचा आणि उदगीर, निलंगा, उमरग्याच्या माणसाला कन्नडचा हा ‘ए’ रोज कानावर असतो. इतक्या भाषांमधून इंग्रजीत आलेला माणूस ‘ओन्ली’ मागंच लावणार.

आणि दखनी, म्हणजे आपल्या दख्खनची उर्दू! ‘मैंइच बोला’, ‘अब्बीच आया’, ‘वइच है’, ‘ऐसाइच करो’. उत्तरेकडच्या उर्दूत हा ‘इच’ नाही, तो दखनीत आपल्या मराठीतून गेलाय. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच ओसरीवर बोलल्या जात. फरक बारीक आहे, ऐकून बघा. आपला ‘मीच’मधला ‘च’ दाताजवळचा, ‘चमचा’तल्यासारखा, दखनीतला ‘इच’चा ‘च’ टाळूचा, ‘चहा’तल्यासारखा. शब्द गेला, पण उच्चार तिथल्या जिभेचा झाला. आता तोच ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’चा सदरा घालून आलाय.

म्हणून मी तरी लाल शाई मारणार नाही. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे या ‘ओन्ली’ची स्वतंत्र नोंद घेतात, तो नियमानं चालतो, अंदाधुंद नाही. पण मुलांना दोन्ही चाली याव्यात. आपसात ‘हिअर ओन्ली’ चालू द्या. जिथं वेळ, रक्कम किंवा कोणी केलं हा प्रश्न आहे, तिथं मात्र ‘सहालाच’ आणि ‘मीच’ची वाक्यं पक्की घोटून घ्या. तिथं ऐकणाऱ्याची गफलत होते, आणि ती त्याला कळतही नाही.

---

व्याकरणाची_वही

देगलूर_नाका यांच्याशी सहमत. एक जोड देतो. आपल्या व्याकरणात ‘च, ही, सुद्धा, देखील, मात्र’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. इतर शब्दयोगी लागलं की नामाचं सामान्यरूप होतं, घर–घरासमोर. ‘च’ लागला तरी घर घरच राहतं. तो विभक्तीच्याही नंतर येतो: घरातच, लातूरलाच, आईनंच. म्हणजे ‘च’ला कुठल्याही तयार शब्दामागं बसायची मुभा आहे. त्याच मोकळेपणानं मुलं ‘ओन्ली’ कुठंही बसवतात. त्यांना सांगा, ‘च’ शेपटी आहे, ‘ओन्ली’ मुंडकं. तो पुढून लागतो.

‘जस्ट ओन्ली टू’ असं दोन्ही एकत्र वापरू देऊ नका. ‘फक्त दोनच’चं ते भाषांतर आहे. मराठीतही ‘फक्त’ आणि ‘च’ एकाच शब्दाला लावणं ही द्विरुक्ती आहे, टाळावी.

---

मांजरा_तीर

इंग्रजीबद्दल मान्य. मराठीबद्दल नाही. ‘निस्तं दोनच दिवस राहिला’ हे कुठल्याही गावात ऐका. बोलीत दोन्ही बाजूंनी पकडण्याची पद्धत आहे, त्यानं वजन येतं. लेखी प्रश्नपत्रिकेत टाळा, बोलण्यात चूक ठरवू नका.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ राहिलं म्हणून लिहितो. ‘नुसतं सोयाबीनच नाही, तर तूरही गेली.’ दोन्ही तुकड्यांनंतर एकाच जातीचे शब्द हवेत. ‘ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज सोयाबीन बट ऑल्सो हिज तूर.’ ‘ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज सोयाबीन बट ऑल्सो हिज तूर’ यात पहिल्यानंतर क्रियापद आणि दुसऱ्यानंतर नाम आलं, तोल गेला. बोलताना खपतं, परीक्षेत गुण जातो.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आलेल्या उत्तरांवरून सरावाची वाक्यं बांधलीत. मराठी वाक्य फळ्यावर, मुलांनी आधी ‘फक्त’ लावून बघायचं, मग इंग्रजी.

माझ्याकडं दहाच रुपये आहेत. ‘आय हॅव ओन्ली टेन रुपीज.’
हे मीच लिहिलंय. ‘आय रोट धिस मायसेल्फ.’
बस पाचलाच निघून गेली. ‘द बस लेफ्ट ॲज अर्ली ॲज फाइव्ह.’
आत्ताशी पाचच वाजलेत. ‘इट्स ओन्ली फाइव्ह.’
त्यानं फोनच उचलला नाही. ‘ही डिडन्ट आन्सर द फोन ॲट ऑल.’
आई हो म्हणाली तरच जाईन. ‘आय विल गो ओन्ली इफ माय मदर सेज यस.’
तो एकुलता एक आहे. ‘ही इज ओन्ली अ चाइल्ड.’

काही चुकलं असेल तर सांगा.

---

मोंढा_रोड

शेवटचं दुरुस्त करा ताई. ‘ही इज ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे अजून लहानच आहे, लेकरू आहे, त्याला काय कळतं. एकुलत्या एकाला ‘ॲन ओन्ली चाइल्ड’. इथं ‘ओन्ली’ क्रियाविशेषण नाही, विशेषण आहे, म्हणून ‘ॲन’ त्याच्या आधी जातो. आणि ‘द ओन्ली चाइल्ड’ म्हटलं तर ‘तिथं असलेलं एकमेव मूल’: ‘ही वॉज द ओन्ली चाइल्ड इन द बस’, बसमध्ये मूल म्हणून तो एकटाच होता. तिन्ही वाक्यं शेजारी लिहा, शब्द जवळपास तेच आहेत, ‘ओन्ली’ची जागा आणि ‘अ, ॲन, द’ तेवढे बदलतात.

बसचं वाक्यही जरा बघा. ‘पाचलाच निघून गेली’ यात बस वेळेआधी सुटली अशी तक्रार असेल तर ‘ॲज अर्ली ॲज’ ठीक. पण पाचची बस पाचलाच सुटली, आपणच उशिरा पोचलो, असं असेल तर ‘द बस लेफ्ट ॲट फाइव्ह शार्प’. मुलांना आधी विचारा, बसची वेळ किती होती.